कारणाची रिकामी जागा

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नावही आज कुणाला सांगता येत नाही. बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, नीट ऐका. गोष्ट साधी आहे, पण ती एका हुशार माणसाची आहे, आणि हुशार माणसं फसतात तेव्हा त्यांना बाहेर काढायला फार वेळ लागतो.

एका उंच डोंगराच्या दोन बाजूंना दोन खोरी होती. पलीकडच्या खोऱ्यात मोठं तळं होतं. अलीकडच्या खोऱ्यात मात्र पाण्याची टंचाई असे. मधल्या खिंडीतून जायला दोन दिवस लागत, आणि वाट इतकी वाईट, की कामाशिवाय कुणी जात नसे.

अलीकडच्या खोऱ्यात त्रिविक्रम नावाचे आचार्य राहत. ते भूमिती शिकवत. शेतांच्या हद्दी आखणारे, देवळांचे पाये टाकणारे, विहिरी बांधणारे, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. ते पहिल्याच दिवशी सांगत, "आधी पक्ष लिहा, म्हणजे आपल्याला काय दिलं आहे ते. मग साध्य लिहा, म्हणजे काय दाखवायचं आहे ते. मग सिद्धता. डावीकडे विधान, उजवीकडे त्याचं कारण. ज्या विधानापुढे कारणाची जागा रिकामी राहील, ते विधान पुसून टाका. मग ते कितीही देखणं असो."

आचार्यांना एकच मुलगी होती, कालिंदी. ती सात वर्षांची असताना एकदा आचार्य शिकवत होते, की चौरसाच्या चारही बाजू सारख्या असतात. एक शिष्य म्हणाला, "म्हणजे चारही बाजू सारख्या असल्या, की तो चौरसच." कालिंदी अंगणातून उठून आली. तिने सारख्या लांबीच्या चार काड्या टोकाशी दोऱ्याने बांधल्या, चौरस केला, आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. चौरस कलला.

"बाजू तेवढ्याच आहेत," ती म्हणाली. "आता सांगा, हा चौरस आहे का?"

आचार्य मोठ्याने हसले. त्या दिवशी त्यांनी शिष्यांना व्यत्यास शिकवला. 'जर हे, तर ते' एवढं खरं असलं, म्हणून 'जर ते, तर हे' खरं असतंच असं नाही. आणि ते खोटं पाडायला एकच उदाहरण पुरतं. आईने, सगुणाबाईंनी, त्या संध्याकाळी लेकीची दृष्ट काढली.

तेव्हापासून आचार्यांनी मनाशी धरून ठेवलं, की आपल्यामागे ही शाळा कालिंदी चालवील. त्यांनी ते तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरजच त्यांना वाटली नाही.

कालिंदी मोठी झाली. पलीकडच्या तळ्यावर होड्या बांधणारा एक तरुण सुतार लाकूड घ्यायला अलीकडे येत असे. तिने त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. आचार्य 'नको' म्हणाले नाहीत. पण 'बरं' म्हणतानाही त्यांनी पाटीवरून डोळे वर केले नाहीत.

लग्न झालं. निघायच्या दिवशी आचार्य आतल्या खोलीत बसून राहिले. रडून डोळे सुजले होते, आणि ते कुणी पाहू नये असं त्यांना वाटत होतं. दारात उभ्या असलेल्या कालिंदीला वाटलं, बाबा रागावलेत. ती चालू लागली आणि वळणापर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही, कारण तीही रडत होती. खिडकीच्या फटीतून बघणाऱ्या आचार्यांना वाटलं, तिला मागचं काही नको झालंय.

त्या मुलखात रीत होती, की माहेरून कुणी न्यायला आल्याशिवाय लेकीने माहेरी यायचं नाही. न्यायला माणूस पाठवणं याला मूळ धाडणं म्हणत. पहिलं वर्ष सरत आलं तशी सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, कालिंदीला मूळ धाडायचं ना? मी स्वतः जाते. दोन दिवसांची तर वाट."

आचार्य म्हणाले, "हे बघ. तिला यायचं असतं, तर तिने निरोप धाडला असता. निरोप आला नाही. त्याअर्थी तिला यायचं नाही."

सगुणाबाईंना या बोलण्यात कुठे बोट ठेवावं ते कळेना. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल. पण मला तिला बघायचंय."

"एकदा उत्तर निघाल्यावर पुन्हा गणित मांडायचं कशाला?" आचार्य म्हणाले.

दरवर्षी हेच झालं. सगुणाबाई विचारत, आचार्य तीच तीन वाक्यं सांगत. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. दुपारचं काम आवरलं, की त्या उंबऱ्यात बसून खिंडीच्या वाटेकडे बघत राहत. तांदूळ निवडायचं सूप मांडीवर असे आणि हात थांबलेले असत. आचार्य ते पाहत आणि पाठ फिरवून पाटीकडे वळत. आठवण त्यांनाही येई. शिष्याने चांगला प्रश्न विचारला, की त्यांची मान आपोआप अंगणाकडे वळे. पण सिद्धता सरळ होती, आणि सरळ सिद्धतेशी भांडायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं.

नवव्या वर्षी सगुणाबाईंना ताप आला आणि पाच दिवसांत त्या गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "वाटेवर कुणी दिसतंय का?"

कुणी दिसत नव्हतं.

आचार्यांनी पलीकडे निरोप धाडला नाही. ते स्वतःला म्हणाले, 'तिला आईची काळजी असती, तर तिने विचारलं असतं.'

त्याच्या पुढच्या वर्षी अलीकडच्या खोऱ्यातल्या विहिरी आटल्या. आणखी दोन-तीन उन्हाळे तसेच गेले असते, तर लोकांना गुरंढोरं घेऊन खोरं सोडावं लागलं असतं. तेव्हा राजाने ठरवलं, की डोंगराला आरपार भुयार खणायचं आणि तळ्याचं पाणी अलीकडे आणायचं. काम लवकर व्हावं म्हणून दोन्ही बाजूंनी खणायचं आणि मध्ये मिळायचं. अलीकडची आखणी त्रिविक्रम आचार्यांकडे आली. पलीकडे मोजणी जाणणारं एकच माणूस होतं. राजाच्या प्रधानाने नाव वाचून दाखवलं. कालिंदी.

डोंगराच्या माथ्यावर एक उंच काठी रोवली. अलीकडच्या तोंडापासून काठीपर्यंत पूर्वेला किती हात आणि उत्तरेला किती हात, हे आचार्यांनी मोजलं. पलीकडच्या तोंडापासून तसंच कालिंदीने मोजलं. दोन्ही मापांची बेरीज केली, की भुयाराची दिशा निघत होती. बेरीज आचार्यांनी केली आणि दिशा दोन्हीकडे ठरली.

दर आठ दिवसांनी खोदाईचे आकडे ताडपत्रावर लिहून जात आणि येत. इकडचा जासूद खिंडीतल्या चौकीपर्यंत जाई. तिथे तिकडच्या जासुदाच्या हाती पत्र देई, त्याचं घेई आणि परत फिरे.

पहिलं पत्र आलं तेव्हा आचार्य उभेच राहिले. अक्षर तिचंच होतं. पाचाचं शेपूट ती लहानपणापासून लांब ओढायची, ते तसंच होतं. पत्रात लिहिलं होतं: 'सहा हात पाच बोटं. दगड काळा, कठीण.'

"एवढंच?" आचार्यांनी विचारलं.

"एवढंच, आचार्य," जासूद म्हणाला.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. 'तुझी आई' एवढे दोन शब्द लिहिले आणि थांबले. मग ते पान मोडून टाकलं आणि दुसऱ्या पानावर लिहिलं: 'आठ हात एक बोट. दगड भुरा.'

दोन वर्षं असं चाललं. त्या पत्रांपैकी एकही त्यांनी टाकलं नाही. संध्याकाळी ते एकेक पान हातात घेत आणि आकड्यांवरून बोट फिरवत. एखाद्या पत्रातला आकडा थरथरलेला दिसला, की त्यांना वाटे, बरं नसेल का तिला? मग पुढच्या पत्राची वाट पाहण्यात त्यांचे आठ दिवस जात. पण विचारलं त्यांनी कधीच नाही.

एके दिवशी पाथरवटांचा नाईक, म्हाळू, धावत आला. "आचार्य, पलीकडच्यांच्या छिन्नीचा आवाज येतोय!"

आचार्य भुयारात गेले. गार दगडाला त्यांनी कान लावला. ठक्, ठक्, ठक्. बारीक, पण स्पष्ट. त्या दगडापलीकडे कुठेतरी आपली लेक दोरी धरून उभी असेल, या विचाराने त्यांनी दोन्ही तळवेही दगडाला टेकवले. ते कितीतरी वेळ कान काढीनात. म्हाळू मशाल धरून उभा राहिला.

लोकांनी तोरणं आणून ठेवली. पण चार दिवस गेले, आठ दिवस गेले, आणि आवाज जवळ येण्याऐवजी बाजूला गेला. मग तो मागून येऊ लागला. कुणी म्हणे डावीकडून येतोय, कुणी म्हणे वरून. दगडातल्या आवाजाची दिशा कुणालाच सांगता येईना. एकाने अंदाजाने आडवं खणून पाहिलं, तर छत ढासळून त्याचा पाय मोडला. ठरलेले नऊशे हात दोन्ही बाजूंनी मिळून भरले. भुयारं मिळाली नाहीत.

प्रधान आला आणि म्हणाला, "महिन्याभरात पाणी दिसलं नाही, तर काम बंद. लोकांना खोरं सोडायला सांगू."

आचार्यांनी अंगणात मोठी पाटी मांडली आणि सगळी आखणी पुन्हा लिहून काढली. एकतीस विधानं झाली. मग ते उजवीकडे कारणं लिहीत गेले. हा कोन काटकोन, कारण ओळंबा धरून आखला. या दोन रेषा समांतर, कारण दोन्ही एकाच दिशेने काढल्या. नवव्या विधानाशी खडू थांबला. तिथे लिहिलं होतं: 'अलीकडचे हात आणि पलीकडचे हात यांची बेरीज.' बेरीज करायची, तर दोन्हीकडचा हात सारखा हवा. तो सारखा आहे, हे कशावरून?

कारणाची जागा रिकामी राहिली.

"म्हाळू," त्यांनी विचारलं, "पलीकडे हात केवढा धरतात?"

"आपण कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धरतो," म्हाळू म्हणाला. "तिकडे मूठ मिटून मोजतात, असं ऐकलंय बुवा."

"ऐकलं होतंस, तर बोलला का नाहीस?"

म्हाळू ओशाळला. "तुम्ही आचार्य. तुम्हाला ठाऊकच असणार, असं वाटलं."

आचार्यांना राग आला नाही. कारण ओळीन् ओळ बरोबर असलेली आपली आखणी एका न तपासलेल्या गृहीतकावर उभी होती, आणि तिच्या भरवशावर दोन वर्षं माणसं दगड फोडत होती.

"जासूद उद्या सकाळी निघतोय," म्हाळू म्हणाला. "माप विचारून घेऊ."

"बरं," असं म्हणून आचार्यांनी ताडपत्र घेतलं. लिहिणार, तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाटीचा एक कोपरा पुसला आणि तिथे तीन ओळी लिहिल्या.

तिला यायचं असतं, तर निरोप आला असता.
निरोप आला नाही.
म्हणून तिला यायचं नाही.

तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींवरून येत होती, तिच्यात खोट नव्हती. दुसरी ओळ खरीच होती. त्यांनी पहिल्या ओळीपुढे खडू धरला. यायचं असतं तर निरोप आला असता, हे कशावरून? कुणी सांगितलं? तिने? नाही. रीत तर उलटीच होती; बोलावणं इकडून जायचं असतं. त्यांनी खडू खाली ठेवला.

बारा वर्षं त्यांनी या एका वाक्यावर काढली होती. आणि स्वतःबरोबर सगुणाबाईंनाही त्यावरच बसवून ठेवलं होतं.

"जासुदाला राहू दे," ते म्हणाले. "मी जातो."

म्हातारपणी त्यांना खिंड ओलांडायला दोनाऐवजी चार दिवस लागले. पलीकडे पोहोचले तेव्हा दुपार होती. भुयाराच्या तोंडाशी एक बाई हातात मापाची काठी घेऊन उभी होती. केसांवर दगडाचा भुगा होता, आणि कानाजवळचे काही केस भुग्याशिवायच पांढरे होते. तिने वळून पाहिलं.

चार दिवस आचार्य मनाशी जे जुळवत आले होते, ते सगळं त्यांच्या जिभेवरून निसटलं. ते म्हणाले, "तुझा हात केवढा?"

कालिंदीने काठी पुढे केली. आचार्यांनी आपली काठी तिच्या शेजारी धरली. हाताच्या खुणांमध्ये चार बोटांचा फरक होता.

"मला वाटलं, माझ्याकडे शिकलेली मुलगी माझाच हात वापरील," आचार्य म्हणाले.

"इथल्या पाथरवटांना इथलाच हात कळतो. मला वाटलं, तुम्ही ते धरून बेरीज केली असेल. बाबांची चूक होणार नाही, असंच मी मानत आले." तिने काठी मागे घेतली. "एवढ्यासाठी आलात?"

"नाही."

कालिंदीने त्यांच्या मागे वाटेकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "आईला चढ झेपला नसता, खरं आहे. पण खिंडीखालपर्यंत तरी आणायचंत. मी आले असते ना तिथवर. कशी आहे ती?"

आचार्य तिथेच दगडावर बसले. त्यांना सांगावं लागलं. केव्हा, कशाने, आणि शेवटी तिने काय विचारलं, तेही.

कालिंदीने काठी भिंतीला टेकवली. ती छिन्नीच्या आवाजाकडे तोंड करून उभी राहिली. मग तिने विचारलं, "तीन वर्षं झाली? आणि तुम्ही मला दगडाचा रंग कळवत होतात?"

"तू विचारलं नाहीस."

"मी पहिल्याच पत्रात 'आई कशी आहे' असं लिहिलं होतं, बाबा. मग ते पान फाडलं. वाटलं, तिला काही झालं असतं, तर तुम्ही कळवलंच असतं. कळवलं नाही, त्याअर्थी ती बरी आहे." तिचा आवाज फुटला. "मी दर उन्हाळ्यात सासूबाईंना सांगायची, यंदा मूळ येईल. ओटा सारवून ठेवायची. मग म्हणायची, त्यांना न्यायचं असतं तर आले असते. आले नाहीत, म्हणजे त्यांना मी नको आहे. तुम्हीच शिकवलं होतंत असं ओळीने लिहायला."

"कारण लिहायलाही शिकवलं होतं," आचार्य हळूच म्हणाले. "तू विसरलीस. आणि मीही."

तेवढ्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भाकरी बांधलेलं फडकं घेऊन आली आणि परका माणूस बघून आईच्या पदराआड झाली. आचार्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते रडू लागले. सगुणाबाईंना नात होती, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक एकाच पाटीवर बसले. एकाच हाताने सगळी मापं पुन्हा मांडली. दोन्ही भुयारं एकमेकांना समांतर निघाली होती, शेजारून निघून गेली होती. ती कुठे आणि किती वळवायची, ते त्यांनी काढलं. विसाव्या दिवशी मधला दगड फुटला. पलीकडचा उजेड आणि अलीकडची माणसं एकमेकांना दिसली. म्हाळूने उडी मारून आरोळी ठोकली.

पाणी सोडण्याच्या आधी कालिंदी भुयारातून चालत माहेरी आली. दोन दिवसांची वाट आता घटकाभराची झाली होती. घरात शिरल्यावर तिने विचारलं, "आई कुठे बसायची?"

आचार्यांनी उंबरा दाखवला. ती तिथे बसली. दिवेलागण होईपर्यंत उठली नाही. आचार्य तिच्या शेजारी बसले. यावेळी त्यांनी काही समजावून सांगितलं नाही.

अलीकडच्या खोऱ्यात पाणी आलं. कुणाला गाव सोडावं लागलं नाही. दर उन्हाळ्यात आचार्य स्वतः जाऊन लेकीला आणि नातीला घेऊन येत, आणि ते होते तोवर त्यात एकदाही खंड पडला नाही. पण शिष्य सांगत, की लेक घरात हसतबोलत असतानाही आचार्य मधेच गप्प होत. जी बारा वर्षं गेली होती ती कुठल्याही आखणीने परत येणार नव्हती, आणि ज्या माणसाला या भेटीची सगळ्यात जास्त ओढ होती, ते माणूस घरात नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा: तर्क कितीही सरळ असला, तरी दुसऱ्याच्या मनात काय आहे हे गृहीत धरू नये, जाऊन विचारावं, आणि वेळेवर विचारावं.